बॉनेटखालचं सामान: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

पावसाळा तोंडावर आला की कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन सेलमध्ये ‘इमर्जन्सी किट’ नावाची एक चेनवाली पिशवी दिसायला लागते. आत जम्पर केबल, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली, इंजिन चमकवायचा स्प्रे, उंदीर पळवायचं काहीतरी आणि कधी एखादा चिमुकला फायर एक्स्टिंग्विशर. या एकेका वस्तूचा इथे हिशेब मांडला आहे. डोळ्यांपुढे गाडी ठेवली आहे ती आपल्याकडची सर्वसाधारण: १२०० सीसीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन, १२ व्होल्टची ३५ ते ४५ एएचची बॅटरी आणि अधूनमधून घाट. निकाल आधीच सांगून टाकतो. किट घेऊ नका, सुटं घ्या. पाकिटाच्या पुढच्या बाजूला जे ठळक छापलेलं असतं त्याचा उपयोग शून्य. मागे बारीक अक्षरांत काय आहे आणि वस्तू हातात किती जड लागते, हे बघा.

जम्पर केबल

बॅटरी बसली, म्हणजे उतरली, की दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची ही वायर. किटमधला सगळ्यात फसवा ऐवज हाच. वेष्टनावर ‘५०० ॲम्पिअर’, ‘१००० ॲम्पिअर’ असं लिहिलेलं असतं, पण हा आकडा कुठल्या चाचणीतून आला ते कुठेच नसतं. केबलची लायकी दोन गोष्टींवर ठरते: आतली तार किती जाड आहे आणि ती कशाची आहे. सेल्फ मारताना छोटी पेट्रोल गाडी १०० ते २०० ॲम्पिअर ओढते. मधला १५० धरू. अडीच मीटर लांबीची केबल म्हणजे लाल अडीच आणि काळी अडीच, करंटला एकूण पाच मीटरचा प्रवास. तार १६ स्क्वेअर एमएम तांब्याची असेल तर एवढ्या वाटेत साधारण ०.८ व्होल्ट पडतो, म्हणजे तारेतच खर्च होतो. चालून जातं. तीच तार ४ स्क्वेअर एमएमची असेल तर तीन व्होल्टच्या वर पडतात. आणि वर तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम असेल तर पडझड पाच व्होल्टच्या घरात जाते. मग सेल्फच्या वाट्याला उरतं काय? तो ‘टक्’ करतो, केबल हाताला गरम लागते आणि बॅटरी पार गेली असा समज होऊन माणूस नवी बॅटरी घेऊन मोकळा होतो.

बाहेरून जाड दिसते म्हणून केबल जाड असते असं नाही. आठ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या आत दोन मिलिमीटरची तार निघते. त्यासाठी दोन पारख्या आहेत. पहिली वजनाची. १६ स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर तारेत नुसतं तांबंच ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यावर आवरण आणि चार चिमटे. म्हणजे पूर्ण सेट एक किलोच्या पुढे जायलाच हवा. चिमट्यांसकट चार-पाचशे ग्रॅममध्ये आटोपला तर बाकी काही बघायची गरज नाही. दुसरी पारख पात्याची. चिमट्याची रबरी टोपी मागे सरकवली की तारेचे धागे दिसतात. एक धागा ब्लेडने खरवडा. तांब्याचा रंग निघून खाली पांढरी चकाकी दिसली की समजायचं, ॲल्युमिनियम.

चिमट्याकडे तर कुणी बघतच नाही. तार बहुतेकदा चिमट्याच्या एकाच जबड्याला जोडलेली असते. दुसऱ्या जबड्यात करंट जातो तो मधल्या खिळ्यातून आणि स्प्रिंगमधून, म्हणजे जवळजवळ जातच नाही. चांगल्या चिमट्यात दोन्ही जबडे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडलेले असतात. ही पट्टी दिसली नाही तर चिमटा लावताना तार असलेला जबडाच टर्मिनलच्या धातूला टेकेल असा फिरवून लावायचा. एवढ्यानेही पुष्कळदा न चालणारी केबल चालते.

आमची पसंती तयार केबलला नाहीच. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर कुठल्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंगचं सामान विकणारं दुकान गाठा. तिथे १६ किंवा २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते. वेल्डिंगमध्येही ॲल्युमिनियमची केबल असते, म्हणून ‘कॉपरची’ असं स्पष्ट सांगा आणि टोक बघून घ्या. तीन मीटरचे दोन तुकडे घ्या, चार दणकट चिमटे घ्या आणि तारेच्या टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवून घ्या. नुसता स्क्रू आवळून नको. खर्च किटच्या केबलपेक्षा तीन-चारपट होईल, पण ही केबल गाडी बदलली तरी टिकते. तीन मीटरपेक्षा लांब घेण्याचा मोह टाळा, कारण लांबी वाढली की व्होल्ट पडणं वाढतं. डिझेल एसयूव्ही असेल तर २५च घ्या.

लावण्याचा क्रम सगळ्यांना ‘माहीत’ असतो आणि शेवटचा चिमटा हमखास चुकतो. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न टेकता उभ्या, हँडब्रेक ओढलेला, दिवे-एसी बंद. लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. काळ्याचं राहिलेलं टोक बसलेल्या बॅटरीच्या मायनसला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या एखाद्या रंग नसलेल्या जाड लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. बॅटरी तोंडावर फुटली की उडतं ते ॲसिड. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक छोटी काळी डबी असते. तो बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर. चिमटा त्याच्यावर नको, हे दुसरं कारण.

आता चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच राहू द्या. केबल बारीक असेल तर पंधरा. तेवढ्यात बसलेल्या बॅटरीत थोडा दम भरतो आणि सेल्फचा सगळा भार केबलवर पडत नाही. स्वस्तातली केबल ‘कधीकधी चालते’ ती यामुळे. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबा. गाडी चालू झाली की चिमटे उलट्या क्रमाने काढा. ट्रक आणि मोठ्या बस २४ व्होल्टच्या असतात, त्यांची मदत घेऊ नका. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळतात. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचे, ते चालतात. बॅटरीचं पोट फुगलेलं असेल, तडा असेल किंवा कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर केबल लावायचीच नाही. हायब्रिड गाडीत नारिंगी आवरणाच्या वायरींना हात नाही, विषय संपला.

हल्ली केबलऐवजी लिथियमचा पॉवरबँकसारखा जम्प स्टार्टर घेण्याकडे कल आहे. दुसरी गाडी शोधावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत किती तापतं ते सांगायला नको, आणि लिथियमला नेमकं तेच सोसत नाही. सेल फुगतात, क्षमता झपाट्याने उतरते. घ्यायचाच तर घरात ठेवा, प्रवासाला निघताना बरोबर घ्या, दर तीन महिन्यांनी चार्ज करा. डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरणार असाल तर केबलच बरी.

मल्टिमीटर आणि खायचा सोडा

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत येतो आणि या यादीत पैशाला सगळ्यात जास्त जागणारी वस्तू हीच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीवर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे तळाला आलेली. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा बघा: बॅटरी भरलेली असूनही तो ९.६च्या खाली राहिला तर बॅटरीचे दिवस भरलेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. १३च्या खालीच राहिलं तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) किंवा त्याच्या बेल्टचा. बॅटरी बदलून काही होणार नाही. १५च्या वर गेलं तर चार्जिंगला आवर घालणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीतलं पाणी उकळवतोय. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे दिवे आणि एसी लावून मोजा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की दुकानदार ‘टर्मिनल क्लीनर स्प्रे’ पुढे करतो. घरातला खायचा सोडा एक चमचा, पेलाभर गरम पाणी, जुना टूथब्रश. फेस येऊन सगळं निघतं. आधी १० नंबरच्या पान्याने मायनस सोडवायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस. उलटं केलं आणि पाना प्लसवरून बॉडीला टेकला, तर पाना तिथेच चिकटून लाल होतो. याच कारणाने हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ आधी काढून ठेवावं. सुकल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. झाकणं असलेल्या बॅटरीत प्लेटांच्या वर १०-१२ मिलिमीटर पाणी ठेवा आणि ते डिस्टिल्डच. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतातच, ते चालत नाही. आणि ‘थोडं ॲसिड टाकून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

कूलंट

इथे लोक रंगावरून माल निवडतात, आणि रंगाला काहीही प्रमाण नाही. हिरवा, निळा, गुलाबी हा फक्त बनवणाऱ्याने घातलेला रंग. जपानी आणि कोरियन गाड्यांच्या कूलंटमध्ये साधारणपणे फॉस्फेट असतं आणि सिलिकेट टाळलेलं असतं, तर युरोपीय कूलंटमध्ये सिलिकेट वापरतात. दोन वेगळ्या जातीचे कूलंट एकत्र आले की गंज रोखणारी रसायनं आपसातच संपतात, कधी गाळ होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेली जात बघा, बाटलीवर भारतीय मानक आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४ असा उल्लेख शोधा. नुसतं ‘सुपर कूल’ आणि बर्फाच्या डोंगराचं चित्र असेल तर ती बाटली परत फळीवर.

दुसरी गोम: रेडी-मिक्स की कॉन्सन्ट्रेट. रेडी-मिक्समध्ये एक थेंब पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे थंडीने गोठायचा प्रश्न नाही, त्यामुळे तीस टक्क्यांपर्यंत खाली आलं तरी चालतं, पण त्याखाली गंजरोधक पातळ होतात आणि ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) आतून खायला सुरुवात होते. हिशेबाने कॉन्सन्ट्रेट स्वस्त पडतो, शिवाय पूर्ण बदलताना तोच सोयीचा. कारण खालचा बोल्ट उघडला की सगळं बाहेर येत नाही. इंजिनच्या पोटात बरंच उरतं. साध्या पाण्याने दोनदा फ्लश केलं असेल तर उरतं ते पाणीच. त्यावर रेडी-मिक्स ओतला की मिश्रण आपोआप पातळ. त्यापेक्षा मॅन्युअलमधली एकूण क्षमता बघा, समजा चार लिटर असेल, तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि वरचं डिस्टिल्डने भरा. फ्लशलाही शेवटचं पाणी डिस्टिल्ड असावं. बोअरचं पाणी, खास करून मराठवाड्यातलं, बंबात जी पांढरी पुटं धरतं तीच इथेही धरतं.

भरून झालं की हवा काढायची. इंजिन थंड, रेडिएटरची कॅप उघडी, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू करून सोडा. बुडबुडे येतात, पातळी उतरते, वरून भरत राहा. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. हवा अडकली असेल तर खूण हमखास: तापमानाचा काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा. ज्या गाड्यांत कॅप रेडिएटरवर नसून कूलंटच्या टाकीवरच असते त्यांची रीत मॅन्युअलप्रमाणे.

किटमध्ये कधीच नसते पण हवी, अशी वस्तू म्हणजे नवी रेडिएटर कॅप. दोन-तीनशे रुपये. वर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा जादा दाब ती धरून ठेवते. दाबामुळे उकळण्याचा बिंदू वर जातो: ०.९च्या कॅपखाली साधं पाणीही ११९ अंशांपर्यंत उकळत नाही, निम्मं-निम्मं कूलंट १.१खाली १२९पर्यंत थारा देतं. कॅपचं रबर कडक होऊन दाब गळायला लागला की हे सगळं मुसळ केरात. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि गाडीचा फॅनच मुळी ९५च्या आसपास लागतो. म्हणजे साधं पाणी आणि गळकी कॅप घेऊन वर गेलात तर सगळं व्यवस्थित चालू असतानाही उकळी फुटू शकते. घाटात दिसणाऱ्या कितीतरी वाफाळत्या बॉनेटांचं मूळ हे एवढंसं असतं.

कॅप उलटी करून बघा. मोठ्या स्प्रिंगखाली रबरी चकती आणि तिच्या मधोमध एक छोटी पितळी झडप. ही झडप नखाने ओढली की उघडून परत बसली पाहिजे. इंजिन थंड होताना याच झडपेतून टाकीतलं कूलंट रेडिएटरमध्ये परत जातं. ती अडकली की टाकी भरलेली दिसते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि थंड गाडीचा वरचा होज पाईप चपटा झालेला दिसतो. टाकीची मिनिमम-मॅक्सिममची रेघ बघून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कॅप उघडून रेडिएटर गळ्यापर्यंत भरलाय का ते बघायचं. गरम असताना कॅप उघडायची नाही, फडकं ठेवूनही नाही. दाब सुटला की आतलं सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. आणि फॅनपासून बोटं लांब, इग्निशन बंद असलं तरी तो मनात येईल तेव्हा फिरतो.

चढावर काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण, खिडक्या उघड्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तरी थांबला नाही तर बाजूला घ्या. कूलंट कुठून सांडत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं फॅनसकट चालू ठेवा. सांडत असेल किंवा वाफ येत असेल तर तात्काळ बंद. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की हेड वाकतं किंवा तडकतं, मग बिल हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत येतं.

लीक-स्टॉपची पूड मात्र घेऊ नका. गळती बंद होते, सोबत हीटरच्या नळ्याही बंद होतात. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना उपाय आणि ही पूड, जात एकच. गावापर्यंत पोचायला ठीक. पोचल्यावर पाईप किंवा रेडिएटर बदलून आत फ्लश मारावाच लागतो. कूलंट चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, कुत्री चाटतात आणि मरतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ठेवू नका.

ब्रेक ऑइल

म्हणतात ऑइल, पण त्यात तेल नसतं, आणि तेल गेलं तर आतली रबरं फुगून ब्रेक जातात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३०ला. हवेतला ओलावा शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५पर्यंत घसरतात. आंबेनळी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात आणि ऑइल चार-पाच वर्षांचं असेल, तर आत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. विकत घेताना छोटी सीलबंद बाटली घ्या. लिटरची बाटली स्वस्त पडते, पण उघडून ठेवलेली पुढच्या वर्षी निकामी. आपल्या कोकणातल्या हवेत तर वर्षही लागत नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते मिसळायचं नाही, डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४मध्ये चालतं.

पातळी खाली गेली की वरून भरायची सवयही सोडा. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, तो झिजेचा निरोप आहे. भरून ठेवलंत आणि मग नवे पॅड टाकले की पिस्टन मागे जाऊन ऑइल टाकीबाहेर येतं, आणि रंग पार उडवतं. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. एकदम खाली गेलं असेल तर गळती; गाडी हलवायचीच नाही.

इंजिन ऑइल आणि त्यातली ‘औषधं’

गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी दांडी काढा, पुसा, पुन्हा घाला, मग बघा. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं, म्हणून पाव-पाव लिटर टाकून बघत जा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की इंजिनच्या तळाशी फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला वंगणाचा गुण नाही. दांडीवर किंवा झाकणाखाली कॉफीसारखा दुधाळ रंग दिसला तर कूलंट ऑइलमध्ये येत असण्याची शक्यता आहे. फक्त झाकणाखाली थोडासा असेल आणि गाडी पावसाळ्यात जवळच फिरत असेल तर ती नुसती वाफ. ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, मॅन्युअलमधलाच: जिथे पातळ ०डब्ल्यू-२० सांगितलंय तिथे ‘आपल्याकडे गरमी जास्त’ म्हणून दाट २०डब्ल्यू-५० टाकणारे मेकॅनिक अजून आहेत. तापमानाचं त्यांचं म्हणणं जुन्या इंजिनाला लागू होतं. नव्या इंजिनाच्या बारीक फटींना नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचंच ऑइल लागतं, नाहीतर फिल्टर चोंदतो. ऑइलमध्ये मिसळायच्या ‘ॲव्हरेज वाढवणाऱ्या’ बाटल्या सरळ परत करा. बनावट ऑइलचा सुळसुळाट आहे, तेव्हा रिकामा डबा रद्दीत देताना त्याला भोक पाडून द्या.

चमक आणि उंदीर

इंजिन चमकवायचा सिलिकॉन स्प्रे बेल्टवर उडाला की बेल्ट घसरतो, किंचाळतो, चार्जिंग पडतं. पाण्याच्या प्रेशरने बॉनेट धुणं त्याहून वाईट: इग्निशन कॉइलच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग करते. ओलं फडकं आणि मऊ ब्रश पुरे.

पावसाळ्यात शेताकडेला, उसाच्या फडाजवळ किंवा सोसायटीच्या कचराकुंडीपाशी गाडी लावत असाल तर उंदरांचा बंदोबस्त मात्र चमकेपेक्षा महत्त्वाचा. अल्ट्रासॉनिक यंत्रावर पैसे घालवू नका. उंदीर त्याला सरावतो आणि यंत्र रोज बॅटरी पितं. स्प्रे चालतात, पण इंजिनच्या उष्णतेने वास उडतो, दर आठ-दहा दिवसांनी मारावा लागतो. तंबाखूची पानं बांधायची तर एक्झॉस्टपासून लांब, घट्ट. सुटी पडलेली पानं तापून पेटू शकतात. खात्रीचा उपाय एकच: एसीच्या हवेच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या नळीला बारीक स्टीलची जाळी. महिन्यातून एकदा फिल्टरची पेटी उघडून बघा, घरटं पहिल्यांदा तिथेच होतं. गाडी लावल्यावर रात्री बॉनेट उघडं ठेवण्याचा प्रघात गॅरेजवाल्यांत आहे. अंधार आणि ऊब गेली की उंदीर फिरकत नाही. पण तो बंद कंपाउंडातच जमतो.

फायर एक्स्टिंग्विशर

किटमधला स्प्रेच्या डब्याएवढा एक्स्टिंग्विशर शोभेचा. किमान एक किलोचा एबीसी पावडरचा, आयएस १५६८३ चा शिक्का आणि हिरव्या पट्ट्यात काटा असलेला घ्या. पावडर खाली घट्ट बसते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी उलटा करून हलवा. डिकीत सामानाखाली नको, ड्रायव्हरच्या सीटसमोर ब्रॅकेटमध्ये पक्का. सुटा पडला आणि पेडलखाली गेला तर आगीआधी तोच घात करेल. सीएनजी गाडीत सिलिंडर मागे असतो, म्हणून तिथे तर पुढेच.

बॉनेटमधून धूर आला तर इग्निशन बंद, सगळ्यांना बाहेर काढा, सीएनजी असेल तर जमल्यास सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. बॉनेटचा आतला लिव्हर ओढा, पण बॉनेट वर उचलू नका. पहिल्या अडकीवर ते बोटभर उघडतं, त्या फटीतून आणि जाळीतून पावडर मारा. पूर्ण उघडलं की आत एकदम हवा शिरते आणि ज्वाळा चेहऱ्यापर्यंत येते. एक किलोचा डबा आठ-दहा सेकंदांत संपतो, तेव्हा लांबून उडवत बसायला वेळ नाही. नेम आगीच्या बुडाशी. तेवढ्यात विझली नाही तर मागे व्हा, निदान तीस मीटर, रस्त्यावरच्या बाकीच्यांनाही मागे करा आणि १०१ किंवा ११२ला फोन लावा.